एकतीस, मग तीस

पडद्यावरच्या बाईच्या डाव्या हाताला पट्टी होती. ऑपरेटरने चहाचा कप तोंडाशी नेला होता, तो तिथंच राहिला. सकाळचा पहिला खेळ सुरू होऊन दीड तास झाला होता, खाली अर्धं थिएटर भरलेलं होतं, आणि सहा मजली उंच पडद्यावर ती बाई बर्फातून एकटी चालत होती. पट्टीवरचा रक्ताचा डाग पडद्यावर एखाद्या दारापेक्षा मोठा दिसत होता, न दिसण्याची सोयच नव्हती. पण ही बाई अजून पडलेली नव्हती. ती पडते तिसाव्या रिळात. बर्फ फुटतो, ती कडेला घसरते, हात दोन दगडांत सापडतो. मग एकतिसाव्यात ती पट्टी बांधून चालायला लागते. परवा डबे तपासताना त्याने दोन्ही रिळं उजेडासमोर धरून पाहिली होती. ही फिल्म तळहाताएवढी रुंद, तिच्यावरचं चित्र नुसत्या डोळ्यांनी दिसतं, भिंग लागत नाही. त्याला वाटलं, आपलंच चुकत असेल, पट्टी आधीच्या कुठल्या तरी जखमेची असेल. तीन मिनिटं तो केबिनच्या छोट्या काचेला नाक लावून उभा राहिला. चौथ्या मिनिटाला बर्फ फुटला, बाई घसरली आणि तिचा धडधाकट, पट्टी नसलेला हात दगडांत गेला. कप खाली ठेवताना बशीशिवाय नुसत्या टेबलावर ठेवला गेला आणि चहाचं कडं उमटलं. त्याने ते बाहीने पुसलं.

सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. या धंद्यातले लोक त्याला जोडमास्तर म्हणत, आणि वरवर नको नको म्हणत तो ते नाव अंगाला लावून घेत असे. साध्या थिएटरांतून आता फिल्म गेलीच आहे, तिथे बटण दाबणाराही ऑपरेटरच म्हणवतो. पण या मोठ्या पडद्याचं काम वेगळं होतं. सिनेमा एकोणपन्नास डब्यांतून यायचा, एकेका डब्यात तीन मिनिटांचं रीळ. एकेक रीळ काढून दुसऱ्याच्या शेपटाला जोडत जायचं आणि पुरुषभर रुंदीच्या आडव्या तबकडीवर गुंडाळत जायचं, की शेवटी पंधरा किलोमीटर लांबीचा आणि तीन माणसांच्या वजनाचा एकच गठ्ठा तयार होतो. एवढ्या जड फिल्मला नेहमीसारखे दातांनी हिसके देत ओढलं तर ती पहिल्याच मिनिटाला फाटेल. म्हणून इथे ती आडवी धावते, आणि वाऱ्याच्या झोताने तिची एक लाट करून पुढे सरकवतात. अंथरलेली सतरंजी एका टोकाला उचलून झटकली की सुरकुती पळते ना, तशी. लाट पुढे गेली की तिच्यामागची एक फ्रेम दोन खिळ्यांवर अलगद येऊन बसते, काचेला घट्ट चिकटते, सेकंदाचा चोविसावा भाग अजिबात हलत नाही, तेवढ्यात उजेड तिच्यातून आरपार जातो. म्हणूनच पडद्यावरचा डोंगर डोंगरासारखा उभा राहतो, थरथरत नाही. बघायला आलेल्यांना तो हे सगळं इतक्या वेळा समजावून सांगे की बायको म्हणायची, झोपेत विचारलं तरी सांगाल. एका फ्रेमला पंधरा छिद्रं. जोड देताना ती मोजून घ्यायची, एक छिद्र इकडचं तिकडं झालं तरी चित्र उडी मारतं. आणि आवाज फिल्मवर नसतोच. तो शेजारच्या पेटीतून स्वतंत्र येतो, फ्रेमा मोजत मोजत चित्राच्या बरोबरीने चालतो. दोन रिळं पुढेमागे झाली तर बोलणाऱ्याचे ओठ आणि शब्द यांची फारकत होते आणि प्रेक्षक शिट्ट्या मारतात. या दोन रिळांत मात्र कोणी बोलत नव्हतं. सहा मिनिटं नुसतं वाद्यांचं संगीत होतं, ते आपल्या क्रमाने शांतपणे वाजत राहिलं, आणि बत्तिसाव्या रिळाला चित्र पुन्हा त्याच्या पावलात पाऊल टाकून चालायला लागलं.

शिट्टी कोणी मारली नाही. खेळ सुटल्यावर तो मुद्दाम जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, एरवी खेळ सुटताना तो कधी खाली येत नसे. लोक डोळे चोळत, घसा साफ करत बाहेर पडले. एका मुलीला थंडी वाजल्यासारखं झालं होतं. वर्तमानपत्रात सिनेमावर लिहिणारे एक गृहस्थ मॅनेजरच्या खांद्यावर हात ठेवून सांगत होते, की जखम आधी आणि घाव नंतर, काळाची काय मोडतोड केलीय दिग्दर्शकाने, असं धाडस हल्ली कोणी करत नाही. मॅनेजरला त्यातलं काही कळलं नसावं, पण स्तुती आपल्याच दुकानाची आहे एवढं कळलं आणि तो मान डोलवत राहिला. ऑपरेटरला पाहून त्याने अंगठा वर केला. एरवी ऑपरेटरला हसू फुटलं असतं, घरी जाऊन त्याने त्या गृहस्थांची नक्कलही केली असती. आता त्याला वाटलं, कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. चूक दिसली असती, दुरुस्त झाली असती, चार लोक हसले असते आणि संपलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती ज्याच्या हातात असते त्याची बोटं दुखून येतात.

तो वर आला आणि दार लावून घेतलं. जोड देण्याआधी प्रत्येक रिळाच्या तोंडाची कोरी पट्टी कापून काढतात, तिच्यावर रिळाचा आकडा असतो. सिनेमा परत पाठवताना पुन्हा लावायच्या म्हणून त्या पट्ट्या भिंतीवरच्या खिळ्यांना ओळीने टांगून ठेवायची पद्धत होती. एकोणतीस, तीस, एकतीस, बत्तीस. भिंत अगदी बरोबर होती. म्हणजे काल दुपारी त्याच्या हातांनी पट्ट्या सवयीने ओळीत टांगल्या आणि फिल्म मात्र वेगळ्याच ओळीने लावली, आणि मधल्या मधे ज्याने बघायचं तो कुठे होता? वाईट ते हेच, की त्याला आठवत होतं. तिसावा डबा उघडल्याचं आठवत होतं, झाकणाचा कोपरा थोडा चेपलेला होता तेही, रीळ उचलताना कमरेत आलेली कळ, सगळं स्वच्छ. विसरला असता तर गोष्ट वेगळी. विसरणाऱ्याला निदान भोक दिसतं. त्याला भोक कुठेच दिसत नव्हतं, एकेक तुकडा स्वतःपुरता चोख होता.

आईचं तसंच झालं होतं. लोकांना वाटतं म्हातारपणी माणसं विसरतात. आई काहीच विसरली नव्हती. नावं, पत्ते, कोणाच्या लग्नात कोण रुसलं होतं, ते सगळं शेवटपर्यंत तिच्यापाशी होतं. फक्त ओळ गेली होती. ती कपडे वाळत घालायची आणि मग भिजवायची. पाहुण्याला निरोप देऊन झाल्यावर या बसा म्हणायची. आम्हा भावंडांची आई म्हणजे आधी कळस मग पाया, असं बहीण हसत हसत म्हणे, आणि दोन वर्षं सगळे हसलेच, कारण आईचं प्रत्येक बोलणं सुटं सुटं ऐकलं तर त्यात काही वावगं नसे. मग एका सकाळी तिने वडिलांच्या शेवटच्या दिवसाचं सगळं वर्णन केलं, कोण कोण आलं होतं, कोणी खांदा दिला, आणि त्याच दमात म्हणाली, आता उद्या ते दवाखान्यातून घरी येतील, त्यांची खोली झाडून ठेव. तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता आणि जोडकामात नुकतंच नाव झालं होतं. त्याने आईला दुरुस्त करायचं मनावर घेतलं. रोज सकाळी तिला समोर बसवायचा. आधी काय झालं? आजारपण. मग? दवाखाना. मग? मग काय झालं, आई? ती त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. पाढे चुकणाऱ्या पोरासारखं तिने एकदा भीत भीत विचारलं होतं, आता बरोबर सांगितलं का रे? आणि त्याने नाही म्हणून मान हलवली होती. नुसती मान, आवाजही चढवला नव्हता. महिनाभराने ती बोलायची थांबली. आजारी पडून नव्हे, भांडून नव्हे, हळूहळू, कोणी नळ आवळत न्यावा तशी. त्यानंतर ती चार वर्षं जगली आणि त्या चार वर्षांत तिचे शब्द मोजायला दोन हातांची बोटं पुरली असती. डॉक्टर म्हणाले रोगच असा आहे. बहिणीने ते मान्य केलं. त्याने मात्र आपल्या हलवलेल्या मानेची गोष्ट कोणाला सांगितली नाही, बायकोलासुद्धा नाही. ती सांगायची गोष्टच नव्हती.

संध्याकाळचा खेळ पाचला होता. चूक सुधारायची तर आख्खा गठ्ठा दुसऱ्या तबकडीवर उलगडत तिसाव्या रिळापर्यंत जायचं, तीन ठिकाणी कापायचं, दोन रिळांची जागा बदलायची आणि पुन्हा जोडायचं. वेळ होता. मॅनेजरला सांगायची गरज नव्हती, आणि त्याची सोबतीण तीनला यायच्या आत काम उरकलं असतं. सोबतीण म्हणजे दुसरी ऑपरेटर, चाळिशीची, वीज मंडळातली नोकरी सोडून सात वर्षांपूर्वी इथे आलेली. फिल्मवरची धूळ ती एकेक कण चिमटीत पकडून काढते म्हणून सगळे तिला चिमटी म्हणत, आणि ती हजेरीच्या पुस्तकात सहीसुद्धा आता तशीच करायची. काल तिच्या मुलाला ताप होता म्हणून ती दुपारीच घरी गेली होती. सत्ताविसाव्यापर्यंतचे जोड ती असताना झाले, त्यापुढचे त्याने एकट्याने दिले. चाचणी म्हणून सिनेमा एकदा रिकाम्या थिएटरात चालवून बघतात, पण डबेच उशिरा आले, वेळ उरला नाही. एवढं कारण कोणालाही पुरलं असतं. त्याने सुती हातमोजे घातले आणि तबकडी सुरू केली. गठ्ठ्याच्या पोटातून फिल्म बाहेर येऊ लागली. आकडा दाखवणारं यंत्र होतं, पण आज त्याचा कशावरच विश्वास नव्हता. जोड आला की थांबायचं, बोटाने चाचपायचं, मोठ्याने आकडा म्हणायचा, असं त्याने ठरवलं. एक. दोन. तीन. आपलाच आवाज केबिनमध्ये ऐकून त्याला जरा धीर आला.

पाचव्या जोडावर बोट अडखळलं. जोडाची टेप दोन्ही अंगांना छिद्रांच्या अलीकडे संपते, तो ती यंत्राच्या एका दाबात सरळ कापायचा, तिचे कोपरे काटकोनी असत. या टेपचे कोपरे गोल होते. पात्याने, सावकाश, एकेक कोपरा वळवून कापलेले. कोपरे गोल असले की झोताने उचलले जात नाहीत, असं चिमटीचं म्हणणं होतं आणि तो तिला म्हणायचा, नखं कापतेस का जोड देतेस? त्याने हातमोजा काढला. टेपच्या कडेला जुन्या टेपचा चिकटपणा राहिला होता. म्हणजे इथे आधी एक जोड होता, तो सोलून काढला होता आणि त्याजागी दुसरा दिला होता. त्याने तबकडी पुन्हा सुरू केली आणि आकडे म्हणायचे सोडून दिले. नववा गोल होता. बारावा आणि तेरावा गोल. सोळावा गोल होता आणि सतरावाही. सत्ताविसाव्यापर्यंत असे आठ जोड निघाले. शेवटच्या दोनतीन वेळा त्याला थांबायचं धाडस होईना, फिल्म पळत असतानाच तो बोट नुसतं टेकवायचा आणि कोपरा कळायचा. म्हणजे काल जी झाली ती पहिली चूक नव्हती. काल फक्त मागून येणारं कोणी नव्हतं. घरी किल्ल्या रोज खिळ्यावर असतात, गॅसचं बटण बंद असतं, चष्मा उशीशेजारी असतो. ते कोण करतं, हा प्रश्न त्याच्या मनात आला आणि त्याने तो पुरता विचारून घेतला नाही.

चिमटी तीनला पाच कमी असताना आली. केबिनमध्ये मधेच उलगडून ठेवलेली फिल्म आणि हातमोजा काढलेला ऑपरेटर बघून ती दारातच थांबली. त्याने आधी मुलाचा ताप विचारला. उतरला म्हणाली.

"पाचवा जोड तुझा आहे," तो म्हणाला.

तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. नाकारायचं तिच्या मनात आलं असावं, पण तिला खोटं कधी नीट बोलता येत नसे. पाचव्याला दोन छिद्रं पुढेमागे झाली होती, ती म्हणाली, नवव्याला टेप एकाच बाजूला लागली होती. सोळाव्या रिळानंतर सतरावं सोडून अठरावं लावलं होतं, तेवढं एकच मोठं. तो जेवायला खाली गेला की ती भराभर करून घ्यायची. कधीपासून, असं त्याने विचारलं. मागच्या हिवाळ्यापासून, ती म्हणाली, आणि मग म्हणाली, नाही, त्याच्याही थोडं आधीपासून. कालच्या तिसाव्या-एकतिसाव्याचं त्यानेच तिला सांगितलं. तिने डोळे मिटून घेतले. काल जायला नको होतं, असं ती स्वतःशीच म्हणाली, जणू ताप मुलाने मुद्दाम काढला होता.

"मग मला का नाही बोललीस? इतके दिवस?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना, दादा. आईंचं. तुम्ही रोज टोकायला लागलात आणि त्या बोलायच्याच थांबल्या म्हणून."

खोलीत तबकडीची मोटर गुणगुणत होती, ती बंद करायला हवी होती.

"हे मी तुला कधी सांगितलं?"

तिने खाली पाहिलं, मग वर. "तीनदा," ती म्हणाली. "पहिल्यांदा तुम्ही रडलात. पुढच्या दोन्ही वेळी पहिल्यांदाच सांगताय असं सांगितलंत."

मोटर तिनेच बंद केली. तो स्टुलावर बसला. जी गोष्ट वीस वर्षं कोणाला दिली नाही म्हणून तो स्वतःलाच मनात मोठा समजत होता, ती त्याने वाटून टाकली होती, आणि वाटल्याचं त्याच्यापाशी राहिलं नव्हतं. आणखी कोणाकोणाला सांगितली असेल? त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या तळाशी थोडं हलकंही वाटलं, त्याचीही लाज वाटली. चिमटी दाराला टेकून उभी होती. तिचा चेहरा थकलेला होता. हे सात-आठ जोड सोलून परत लावायला तिला किती वेळ लागत असेल, जेवणाची सुट्टी तिने कधी घेतली असेल, याचा त्याने आज पहिल्यांदा विचार केला.

"जोडांचं काही नाही," ती म्हणाली, "जोड मी करीन. पण मला भीती वाटते. प्रोजेक्टरच्या दिव्याला थंड ठेवणारं पाणी आधी सोडायचं असतं आणि मग तो लावायचा. एखाद्या दिवशी मी आलेली नसेन आणि तुम्ही आधी दिवा लावाल. तो फुटला तर काचा कुठवर जातात, तुम्हीच दाखवलंय मला."

त्याने दाखवलं होतं. भिंतीत रुतलेले तुकडे होते, मागच्या ऑपरेटरच्या वेळचे. खाली झाडूवाला खुर्च्यांच्या रांगांतून फिरत होता, त्याच्या खराट्याचा आवाज काचेतून वर येत होता. मॅनेजरला सांगावं लागणार होतं, डॉक्टरकडे जावं लागणार होतं, बायकोशी बोलावं लागणार होतं, आणि यातलं आधी काय आणि मग काय हे त्याला खरोखरच ठरवता येईना. एवढं मात्र त्याला कळत होतं, की पाठीमागून कोणीतरी आपलं आयुष्य गुपचूप नीट जोडत राहावं आणि आपण जोडमास्तर म्हणून मिरवावं, हे आता जमणार नाही.

"यापुढे चुकलो की तोंडावर सांगायचं," तो म्हणाला. "तिथल्या तिथं. मागून काही करायचं नाही. डॉक्टरांकडे मी उद्या जातो. दिवा आजपासून तू लाव."

"सांगेन," ती म्हणाली.

मग ते कामाला लागले, कारण पाचचा खेळ पाचलाच होता. एकोणतिसाव्याच्या शेपटाशी कापलं, एकतिसावं सोडवून बाजूला घेतलं, तिसावं सोडवलं. तिने ते दोन्ही हातांवर तोलून त्याच्यासमोर धरलं. त्याने टोक ओढून यंत्रावर आणलं, छिद्रं मोजली, पंधरा, कडेला कड लावली. हात अजून छान चालत होते, निदान त्याला तसं वाटलं. टेप दाबायला त्याने मूठ उचलली.

"दादा," ती हळूच म्हणाली, "हे शेवटाचं टोक आहे."

त्याचे कान तापले. इतक्या साध्या, इतक्या मऊ आवाजात सांगितलेलं होतं, आणि तरी त्याला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. राग आला, खराच राग आला, तिचा, यंत्राचा, बर्फातल्या त्या बाईचा. मग राग ओसरला आणि त्याजागी काहीच उरलं नाही. आता गप्प राहावं असं त्याला वाटलं. गप्प बसलेल्या माणसाची ओळ चुकत नाही. आईने हेच केलं असणार. तिला बोलता येत नव्हतं असं नाही, एवढंच की न बोलणं फार सोपं होतं, आणि समोर मान हलवणारा मुलगा बसलेला होता. वीस वर्षांनी तो तिच्या जागेवर येऊन बसला होता आणि ती जागा किती अरुंद आहे ते त्याला कळत होतं. चिमटी रीळ धरून उभी होती. वजनाने तिचे हात कापायला लागले होते, पण ती हलली नाही, आणि त्याच्याकडे बघायचंही तिने टाळलं. खराटा थांबला होता.

त्याने मूठ खाली घेतली.

"दुसरं टोक दे," तो म्हणाला. "आणि मला विचार, हा कितवा जोड."

तिने रीळ फिरवून धरलं. "कितवा जोड, दादा?"

"एकोणतिसावा," तो म्हणाला, आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला.